तळघरातली मोटार ऐकायला शीक

सप्टेंबरातली गोष्ट. रात्री अकराला भाच्याचा फोन आला. "आत्या, पाऊस थांबून तीन दिवस झाले, लख्ख ऊन पडतंय, आणि तळघरातली मोटार दर दहा मिनिटांनी चालू होतेय. प्लंबर म्हणतो ही लहान पडते, एक हॉर्सपॉवरची बसवा."

मी विचारलं, "मोटारीचं पाणी बाहेर जिथं पडतं, तिथं जाऊन पाहिलंस? गढूळ आहे की निवळ? वास कसला येतो?"

तिकडे शांतता. पाहिलंच नव्हतं. मोटार वाजते एवढंच त्यानं ऐकलं होतं.

आम्ही १९८७ साली गारखेड्याच्या उतारावर घर बांधलं. जोत्यासाठी खणायला घेतलं तर वर हातभर काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा कातळ. एवढं खणलंच आहे तर खाली एक खोली काढू, असं यांनी ठरवलं. हे वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. रात्रपाळीला गेले की घरात मी, दोन लेकरं आणि खाली ती मोटार. कोणाला विचारावं अशी सोय नव्हती, म्हणून मोटारीलाच विचारत गेले. इतक्या वर्षांत जे कळलं ते त्या रात्री भाच्याला सांगितलं. तेच इथं लिहिते, त्याला सांगितलं त्याच भाषेत.

१. मोटारीला एकच गोष्ट कळते

तळघराच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात खड्डा असतो. प्लंबर त्याला संप म्हणतात. त्यात तरंगता चेंडू असतो, तो फ्लोट. पाणी वर आलं की चेंडू वर, मोटार चालू. पाणी उतरलं की चेंडू खाली, मोटार बंद. तिला पाऊस कळत नाही, ऊन कळत नाही, पाणी नळाचं आहे की गटाराचं हेही कळत नाही.

म्हणून ती का चालते याचं उत्तर आधी पाण्यात शोध. खड्ड्यात पाणी यायच्या वाटा पाचच: जमिनीचा पाझर, नळाची किंवा टाकीची गळती, सांडपाणी, गच्चीचं पाणी आणि मोटारीनंच बाहेर टाकलेलं पण फिरून आत आलेलं पाणी. मोठी मोटार यातली एकही वाट बुजवत नाही.

२. आपला खडक वाटीसारखा आहे

आपलं शहर काळ्या पाषाणावर बसलंय. वेरूळचं कैलास लेणं ज्यातून कोरलं, तोच बेसॉल्ट. वरचा मुरूम पाणी पितो, खालचा सलग कातळ ते सहजी घेत नाही. मग पाणी कातळावर अडतं, भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून उताराच्या दिशेनं आडवं सरकत जातं. आपण तळघर खणतो म्हणजे त्या आडव्या वाटेत एक वाटी कोरून ठेवतो. भोवतालच्या मुरमातलं पाणी त्या वाटीत उतरणारच.

याच कारणानं पाऊस आणि मोटार यांच्यात उशीर असतो. मृगाच्या सरींनी माझी मोटार कधी हलली नाही. उन्हाळाभर तापलेला मुरूम ते सगळं पिऊन टाकतो. उत्तरा-हस्ताला, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर, तोच मुरूम काठोकाठ भरलेला असतो. तेव्हा एका रात्रीचा पाऊस पुढं कितीतरी दिवस झिरपत राहतो. पाऊस थांबून तीन दिवसांनी मोटार चालली, तर नुसत्या तेवढ्यानं घाबरायचं नाही.

पण पाझराची एक खूण लक्षात ठेव. तो रोज कमी होत जातो. आज दहा मिनिटांनी मोटार लागली, तर उद्या पंधरा, परवा पंचवीस मिनिटांनी लागायला हवी. कोरडे दिवस जाऊनही अंतर वाढत नसेल, तर पावसावर आळ घेऊ नकोस. दुसरी वाट शोध.

३. खिळ्याला वही टांग

तळघराच्या जिन्यात माझी वही असते, दोरीला पेन्सिल बांधलेली. चार रकाने: तारीख-वेळ, दोन चालण्यांमधलं अंतर, पाऊस पडला का, नळ आला का. दिवसातून तीनदा, सकाळ-दुपार-रात्र, एवढंच लिहायचं. यांना आधी हसू यायचं. म्हणायचे, कारखान्यातलं लॉगबुक घरी आणलंस.

माणसाची आठवण पाण्याच्या बाबतीत फार खोटी असते. "सारखी चालते" म्हणजे किती? "काल कमी होती" म्हणजे किती? प्लंबरला हे सांगितलं की तो खांदे उडवतो आणि मोटार बदलायला सांगतो. वही दाखवली की तो खाली बसून वाचतो. आठ दिवसांची वही पुरते.

४. नळाच्या दिवशी कान टवकार

हा कानमंत्र आपल्या शहराच्या दुःखातून निघालाय. इथं नळाला रोज पाणी नसतं. पैठणच्या नाथसागरातून उपसून आणलेलं पाणी आपल्या वाट्याला आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा येतं. जिथं चोवीस तास नळ असतो, तिथं फुटका पाइप चोवीस तास गळतो. ती गळती पाझरात मिसळून जाते आणि ओळखू येत नाही. आपल्याकडे पाइप एरवी रिकामा असतो आणि ठरल्या दिवशी दाबानं भरतो. गळती असली तर ती बरोबर त्याच दिवशी बोलते.

म्हणून वहीत नळाचा दिवस लिहायला विसरू नकोस. पाऊस नाही, आणि नळ आल्यापासून मोटारीचं अंतर एकदम घटलं, तर तीन ठिकाणं बघ. एक, मीटरपासून जमिनीतल्या टाकीपर्यंतचा पाइप आणि त्याचे सांधे. दोन, टाकी भरून वाहते का. रात्री-अपरात्री नळ येतो, आपण झोपलेलो असतो आणि ओसंडलेलं पाणी पायाशी जिरतं. तीन, गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो कुठं पडतो.

जमिनीतली टाकीच गळते का, याची परीक्षा सोपी आहे. रात्री तिच्यात पाणी येणं-जाणं सगळे व्हॉल्व्ह बंद करून थांबव. आत पट्टी सोडून पातळी लिही. सकाळी पुन्हा बघ, उतरली असेल तर टाकी गळतेय. टाकी दोन मीटर बाय दोन मीटर असेल तर एक सेंटीमीटर म्हणजे चाळीस लिटर.

आता उलटं. भर पावसाळ्यात, नळ आलेला नसताना, पातळी उतरण्याऐवजी चढली तर आनंद मानू नकोस. बाहेरचं पाणी तुझ्या पिण्याच्या टाकीत शिरतंय. पाइपाचंही तसंच. ज्या भेगेतून दाबाचं पाणी बाहेर जातं, त्याच भेगेतून पाइप रिकामा असताना घाण आत येते. गळती बुजवणं पाण्याच्या पैशासाठी कमी आणि लेकरांच्या पोटासाठी जास्त, हे मी कॉलनीत प्रत्येकाला सांगते. अशी शंका आली की दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून प्यायचं.

५. नाकाला विचार, मग रंगाला

पाझराचं पाणी बहुतेकदा गार, निवळ आणि बिनवासाचं असतं. फार तर मुरमाची लालसर झाक. साबणाचा फेस, राखाडी रंग, आंबूस वास असेल तर ते न्हाणीघरातलं किंवा ड्रेनेजचं. अशी मोटार सकाळी सात ते नऊ, आंघोळी-धुण्याच्या वेळी जास्त चालते आणि घर गावाला गेलं की गप्प बसते. वहीत हेही दिसतं.

खात्री करायची तर एका वेळी एकाच मोरीत खाण्याचा रंग घाल, वर दोन बादल्या पाणी सोड आणि खड्ड्यावर लक्ष ठेव. लगेच दिसला नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांब. मुरमातून रंग सावकाश येतो. सगळ्या मोऱ्यांत एकदम रंग घातलास तर कळणार काहीच नाही.

गच्चीच्या पाइपाचीही अशीच परीक्षा. कोरड्या दिवशी पन्हाळीच्या पाइपात पाच-सहा बादल्या ओत. तासा-दोन तासांत मोटार लागली, तर तो पाइप भिंतीच्या पायाशीच पाणी सोडतोय. हल्ली गच्चीचं पाणी जिरवायला शोषखड्डे करतात. काम चांगलं आहे, पण तळघराच्या घरात शोषखड्डा घराच्या वरच्या अंगाला किंवा भिंतीलगत केला, तर पाणी जमिनीत जिरवलं असं वाटतं आणि ते तळघरात येतं. शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला आणि घरापासून लांब हवा.

६. तेच पाणी दोनदा उपसू नकोस

कधी मोटार बंद होताच पाइपात खळखळ ऐकू येते, थोड्याच वेळात ती पुन्हा लागते आणि लगेच थांबते. म्हणजे चढलेलं पाणी परत उतरतंय. पाइपावर एनआरव्ही असतो, पाण्याला एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह. त्यात खडा अडकला किंवा आतली झडप झिजली की तो परतीचं पाणी सोडतो. दीड इंची, बारा फूट उभ्या पाइपात साधारण चार लिटर पाणी मावतं. खड्डा लहान असेल तर एवढ्यानंही चेंडू वर उचलला जातो. मोटारीला मरण येतं ते बहुधा अशा घडीघडीच्या चालू-बंदनं.

दुसरं, बाहेरचं तोंड कुठं आहे बघ. आमच्या एका शेजाऱ्यांनी ते जास्वंदीच्या आळ्यात सोडलं होतं, तळघराच्या भिंतीपासून चार फुटांवर. जास्वंद फोफावली आणि मोटार वर्षभर चालली. तेच पाणी गोल फिरत होतं.

तिसरं, चेंडूची वायर. ती खड्ड्याच्या भिंतीला किंवा पाइपाला अडकली की चेंडू वरच राहतो आणि मोटार पाण्याविना फिरत राहते. त्यात सील जातं, मग वाइंडिंग जळतं. चेंडूला हेलकावायला मोकळी जागा हवी.

७. मोठी मोटार घेण्याआधी खड्डा मोज

साठ सेंटीमीटर बाय साठ सेंटीमीटर खड्ड्यात पाणी एक सेंटीमीटर चढलं म्हणजे ३.६ लिटर आलं. खड्ड्यात पट्टी उभी करून ठेव. मोटार थांबल्यावर दहा सेंटीमीटर चढायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघ. सहा मिनिटं लागली तर मिनिटाला सहा लिटर, तासाला ३६०, दिवसाला साडेआठ हजार लिटरच्या वर. पाच हजार लिटरचे पावणेदोन टँकर!

हा आकडा दोन कामांना येतो. तासाला ३६० लिटर उपसायला अर्ध्या हॉर्सपॉवरचा साधा पंपही भरपूर होतो. लहान पडते म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखव. मोटार चालू असतानाही पाणी चढतच राहिलं, तर मात्र आधी मोटारीची जाळी तुंबलीय का ते बघ आणि मगच मोठ्या मोटारीचा विचार कर.

दुसरं काम असं की, ज्या गावात आपण टँकरची वाट बघत बसतो, तिथं एवढं पाणी गटारात सोडायचं? स्वच्छ पाझराचं पाणी एका वेगळ्या टाकीत घे. झाडांना, गाडी-अंगण धुवायला, संडासात ओतायला वापर. पिऊ नकोस. पाणी उरलं तर पावसाळी नालीत सोड, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नको. पावसात ते आधीच तुडुंब असतं, तुझ्या मोटारीचं पाणी खालच्या घराच्या संडासातून वर येईल.

८. भिंत बुजवण्याआधी पाण्याला वाट दे

माझी सगळ्यात महागडी चूक इथं झाली. भिंतीतून ओघळ यायचे. एका कंत्राटदारानं आतून वॉटरप्रूफिंगचा जाड लेप दिला. मोटार गप्प झाली, मी पेढे वाटले. त्याच वर्षी हस्ताचा पाऊस झाला आणि एका सकाळी तळघराची फरशी मधोमध फुगून उचललेली दिसली. पाण्याची वाट बंद केली, पण पाणी होतंच. एक मीटर उंच पाणी अडलं की तळाशी दर चौरस मीटरला एक टन जोर लावतं. ते कुठून तरी निघणारच.

पाण्याला वाट द्यावी लागते, हे आपल्या जिल्ह्यात दोन हजार वर्षांपासून माहीत आहे. कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथं कातळातून झिरपणाऱ्या पाण्यासाठी त्या कारागिरांनी खडकात वाट कोरली आणि ते पाणी पाच फण्यांच्या नागाच्या शिल्पातून बाहेर काढलं. पाझराशी भांडले नाहीत, त्याला तोंड करून दिलं. शहरात पाणचक्कीला जा. तिथल्या मोठ्या हौदाखाली खांबांवर उभं दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. हौदातल्या जास्तीच्या पाण्याला खाम नदीकडे जायला वाट ठेवलेली आहे, ती बघायला विसरू नकोस.

तुझ्यासाठी अर्थ असा. आधी भिंतीच्या कडेनं बारीक चर काढून सगळा पाझर खड्ड्याकडे वळव. बाहेरून अंगणाचा उतार घरापासून लांब कर. मग लेप. नवीन घर बांधणाऱ्यानं तर शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग बांधतानाच बाहेरून करून घ्यावं. नंतर आतून केलेल्या लेपाला ती सर नाही.

९. ओल्या पायांनी प्लगला हात नाही

हे मी सगळ्यात मोठ्यांदा सांगते. तळघरात पाणी साचलं असेल तर आत उतरण्याआधी वरूनच मेन स्विच बंद कर. चेंडू हलवायचा असो की जाळी काढायची, आधी वीज तोडायची. मोटारीच्या लाइनवर तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग हवंच, आणि प्लग कंबरेच्या वर. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून त्याला वगळून थेट जोडणी करणारा इलेक्ट्रिशियन घरात घेऊ नकोस. तो पडतो म्हणजे कुठंतरी वीज गळतेय.

खड्डा खोल असेल, बरेच दिवस झाकलेला असेल, सांडपाण्याचा असेल, तर त्यात स्वतः उतरू नकोस आणि कोणा गरिबालाही उतरवू नकोस. आत विषारी वायू असतो आणि तो दिसत नाही. मोटार दोरीनं वर ओढून घ्यायची, माणूस खाली सोडायचा नाही.

१०. मृगाआधी बादली, हस्तात घर

मेच्या शेवटच्या आठवड्यात माझा एक नेम आहे. खड्ड्यातला मुरमाचा गाळ काढायचा, जाळी धुवायची, मोटार विटेवर ठेवायची म्हणजे गाळ ओढत नाही. मग दोन-तीन बादल्या पाणी ओतून ती आपोआप लागते आणि आपोआप थांबते, हे डोळ्यांनी बघायचं. पावसात नेमकी वीज जाते, म्हणून मोटार पेलेल असा इन्व्हर्टर आहे का, तेही आधीच बघून ठेवायचं. खड्ड्यावर घट्ट झाकण, नाहीतर डास. धान्याची कोठी, गाद्या, कागदपत्रं जमिनीवर नाहीत, वीतभर उंच फळीवर. इन्व्हर्टरची बॅटरीही तळघरात नको.

आणि ज्यांना अजून घर घ्यायचंय त्यांच्यासाठी: तळघराचं घर वैशाखात बघून घेऊ नका. वैशाखात सगळी तळघरं कोरडी असतात. हस्तात जा. भिंतीवर गुडघाभर उंचीला पांढरी खार फुटलीय का बघा. ताजा रंग फक्त खालच्या दोन फुटांतच दिसला तर कारण विचारा. कॉलनीतल्या जुन्या माणसाला विचारा, इथं आधी विहीर होती का, नाला कुठून वाहायचा. बुजवलेली विहीर नकाशावरून जाते, जमिनीतून जात नाही.

भाच्यानं वही टांगली. पहिले तीन दिवस अंतर वाढत गेलं: दहा, चौदा, वीस मिनिटं. मी म्हणाले, पाझर आहे, उतरतोय. चौथ्या दिवशी नळ आला आणि अंतर चार मिनिटांवर आलं. नळ गेला आणि रात्रीतून पुन्हा वीसच्या पुढं. त्यानं मीटर ते टाकी एवढी नऊ फुटांची जमीन खणली. एका सांध्यातून करंगळीएवढी धार होती. सांधा बदलला. उरलेला पाझर कमी होत होत दिवाळीत थांबला.

मोटार तीच आहे, अर्ध्या हॉर्सपॉवरची.